काढून ठेवलेलं कंकण

यंत्र खोटं बोलत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसानं आयुष्यात एकही यंत्र उघडलेलं नसतं. मी हजारो उघडली. इचलकरंजीत सव्वीस वर्षं मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो माणूस. सर्जेराव तोडकर आला की माग चालू झालाच, असं चार कारखान्यांत बोललं जायचं, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

तेव्हा प्रत्येक मागाला पिकमीटर असे. कापडात एक आडवा धागा पडला की एक पीक, आणि जितकी पिकं तितकी मजुरी. कधी मीटरची वायर निसटायची. मग त्या वेळात पडलेल्या धाग्यांचं काय? हिशेब ठेवणारा दिवाणजी भला माणूस. मीटर चालू असलेल्या तासांची सरासरी काढून तो बंद तासांत तोच आकडा भरायचा. कामगारांना हे कळायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. कच्चं सूत आलं, धागे पटापट तुटायला लागले, की वायर काढून ठेवायची. चांगलं सूत आलं की जोडायची. सरासरी कायम झकास. ही विद्या मी स्वतः कितीतरी जणांना शिकवली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते मला कळलंच नाही, असं म्हणायची सोय मला उरलेली नाही.

मग मागांना डोळे आले. धागा तुटला की कॅमेरा बघायचा आणि केसाएवढ्या बारीक चिमट्यानं माग स्वतःच गाठ मारायचा. स्वतःचा खडखडाट ऐकून कोणता भाग झिजलाय हेही तो ओळखायचा आणि नवा मागवायचा. चाळीस माग दिवे बंद करून रात्रंदिवस चालू लागले, कारण अंधारात काम करायला त्यांची काही हरकत नव्हती. शहर घरी बसलं. तेव्हा सरकारनं कुटुंब निर्वाहनिधी सुरू केला. एका घराला महिन्याला एक रक्कम, कुटुंबप्रमुखाच्या खात्यावर. प्रमुख म्हणजे मी.

माझी बायको वैजयंता भाजीला पैसे मागायची आणि मी विचारायचो, "काल दिले होते त्याचं काय केलंस?" मला ठाऊक असायचं काय केलं ते. तरी विचारायचो. काम गेलेल्या माणसाला एवढं तरी सुख नको का, असं मनाशी म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बायकांनी मोर्चे काढले. वैजयंता दोनदा कोल्हापूरला गेली, पदराला भाकरी-ठेचा बांधून. त्यांचं मागणं साधं होतं: निधी नवरा-बायकोत निम्मा निम्मा वाटा. पण साधं मागणं मान्य केलं तर ते सरकार कसलं! निम्म्यापेक्षा न्याय्य असं काहीतरी सापडलंय, असं जाहीर झालं. घरात जो जितकं राबतो, तितका त्याचा वाटा. आणि राबणं मोजायला आलं श्रमकंकण.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या ज्या बाईंनी ते बनवलं, त्या स्वतः आमच्या भागातल्या सभागृहात समजवायला आल्या होत्या. साधी सुती साडी, बोलणं मोकळं. त्या म्हणाल्या, स्नायू आवळला की त्यात अगदी सूक्ष्म वीज तयार होते. हे कंकण मनगटाच्या कातडीवरून ती वीज वाचतं. त्याच्या जोडीला नाडी आणि घामातले क्षार. शरीराला ताण पडला की घामात एक द्रव्य वाढतं, तेही मोजतं. हे सगळं एकत्र केलं की मैदानावर हौसेनं पळणारा माणूस आणि पाण्याची कळशी घेऊन जिना चढणारी बाई यांचे आलेख वेगळे निघतात. कणीक मळण्याचा आलेख वेगळा, चादर पिळण्याचा वेगळा. शिवाय कंकण आपल्या माणसाची नाडी ओळखतं, त्यामुळे एकाचं कंकण दुसऱ्यानं घालून उपयोग नाही.

"आजवर तुमचं काम कुणाला दिसलं नाही," बाई म्हणाल्या, "आता आकड्यात दिसेल." सभागृहातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या शेजारी बसलेली वैजयंता हळूच म्हणाली, "सत्तर तरी येनार बगा माझं."

त्या बाईंचा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. दिवाणजीचाही चांगलाच होता.

कायद्यात आणखी एक कलम होतं आणि वैजयंतानं सगळ्यात नीट लक्षात ठेवलं ते तेच. ज्याचा वाटा एका तिमाहीत चाळीस टक्क्यांच्या वर जाईल, त्याला जोडीदाराच्या सहीशिवाय घरात एक माणूस नोंदवता येणार होतं. त्या माणसाला त्याचा वेगळा निधी सुरू होणार होता. आमची एकुलती एक मुलगी ईश्वरी जतला दिलेली. दोन वर्षं झाली होती. जावई हात उचलायचा. वैजयंता तिला घरी आणू म्हणत होती आणि मी सही देत नव्हतो. हे स्थळ मी शोधलं होतं. चारचौघांत मिरवलं होतं. पोरगी परत आली की मी चुकलो असं गल्लीभर झालं असतं. त्यामुळे मी म्हणायचो, "नांदायची सवय लागायला वेळ लागतो." हे वाक्य मी कुठून आणलं होतं देव जाणे. पण वापरायला फार सोपं होतं.

"चाळीस येऊ द्या," वैजयंता म्हणायची. "मग तुमची सही न्हाई आनि तुमचं कारन बी न्हाई. मी आणीन माझ्या लेकीला."

सभागृहात बाईंनी बजावून सांगितलं होतं: कणकेला, भांड्याला, धुण्याला, आंघोळीलासुद्धा कंकण काढायचं नाही, पाण्यानं काही होत नाही. बायकांनी माना डोलावल्या. घरी येऊन डबी उघडली, तर आत बारीक अक्षरात एक ओळ होती: कंकण हरवल्यास किंवा खराब झाल्यास त्याची किंमत निधीतून वळती केली जाईल. बाईंच्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्या एका ओळीवर सगळ्यांचा विश्वास जास्त बसला.

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. फ्रीजच्या मुठीला फडकं गुंडाळलेलं असतं. लग्नात आलेला कुकर सहा वर्षं खोक्यात होता. तेव्हा रुपेरी रंगाच्या, निळा दिवा लुकलुकणाऱ्या त्या कंकणाचं काय होणार हे काय वेगळं सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतानं कणकेला हात घालायच्या आधी ते काढलं, पिशवीत घातलं आणि आरशाजवळच्या खिळ्याला अडकवलं.

"अगं, पाण्यानं काही होत नाही म्हणाल्या त्या."

"त्यास्नी काय जातंय म्हणायला? सरकारी वस्तू हाय. खराब झाली तर भरून कोन देनार?"

मी पुढं काही बोललो नाही. तोवर माझ्या मनात पाप नव्हतं, एवढं तरी खरं आहे.

मग रोजचंच झालं. कणकेला काढायचं, धुण्याला काढायचं, भांडी, फरशी, संडास-मोरी सगळ्याला काढायचं. दुपारी चारला चहा घेऊन बसली की साबणानं हात धुऊन, पुसून, कंकण घालायची. देवळात जाताना घालायची. भिशीच्या बायका जमल्या की घालायची, आणि त्याही सगळ्या घालून आलेल्या असायच्या. झोपताना तर आठवणीनं घालायची. थोडक्यात, ती जेव्हा जेव्हा टेकायची तेव्हा तेव्हा कंकण तिच्या हातात असायचं.

माझ्या हातात मात्र ते चोवीस तास. मला कुठं कणीक मळायची होती? पाणी भरणं, दूध आणणं, कुणाचा मिक्सर दुरुस्त करणं, एवढंच.

सातव्या दिवशी मी फोनवर कंकणाचं माहितीपत्रक उघडलं. जुनी खोड, यंत्र कसं चालतं ते बघायची. त्यात लिहिलं होतं की माणूस आजारी असेल, कंकण चार्जिंगला असेल, तर ते रिकामे तास शून्य धरून अन्याय होऊ नये, म्हणून त्याच माणसानं कंकण घातलेल्या तासांची सरासरी त्या जागी भरली जाते.

मी ते दोनदा वाचलं. समोर वैजयंता गोधड्या आपटत होती आणि कंकण खिळ्यावर लटकत होतं. पिकमीटरची निसटलेली वायर मला लख्ख दिसली. आम्ही ती चोरी करायला काढायचो. ही बाई जपायला काढत होती. यंत्राला दोन्ही सारखंच.

पहिली तिमाही संपली आणि फोनवर आकडे आले.

"अवो, हे उलटं आलंय का बगा," वैजयंता म्हणाली. "अडुसष्ट तुमचं. बत्तीस माझं."

"मशीनला काय उलटं-सुलटं कळतं?"

ती जागच्या जागी बसली. हाताला भांड्याची राख लागलेली होती. "म्हंजे मी घरात काय करतच न्हाई व्हय?"

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. कंकण घालून कणीक मळ. चार शब्द. ते तोंडापर्यंत आले आणि त्याच वेळी दोन गोष्टी माझ्या डोक्यात आल्या. एक, आता भाजीचे पैसे ती मागणार नाही, मीच मागेन. दुसरी, चाळीस झाले की ईश्वरी आली. मी मिठाची गुळणी धरून बसलो. त्या दिवशी नाही बोललो, मग दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं, कारण काल का नाही बोललात असं तिनं विचारलं असतं. असं करत करत गप्प बसायची सवय लागते. ही सवय लागायला मात्र अजिबात वेळ लागत नाही.

वैजयंतानं काय केलं? तिला वाटलं, आपलंच काम कमी पडतंय. ती पहाटे चारला उठायला लागली. माळा काढून धुतला. ठेवणीतली भांडीसुद्धा घासली. गल्लीतल्या एका म्हातारीचं धुणं आणलं. आणि हे सगळं करताना कंकण खिळ्यावर, पिशवीत, निळा दिवा लुकलुकवत. ती जितकी जास्त राबायची तितकी जास्त थकायची. थकून टेकली की कंकण घालायची, आणि यंत्र नोंद करायचं की ही बाई गेल्या तिमाहीपेक्षाही स्वस्थ बसलेली आहे.

श्रावणात पंचमीला ईश्वरी आली. येऊन खिडकीशी बसली, ती डावी बाजू भिंतीकडे करून. वैजयंतानं हनुवटीला धरून तिचं तोंड फिरवलं आणि बघून सोडून दिलं. दोघीही रडल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

जेवताना ईश्वरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आप्पा, मी राहू का हितं?"

"पंचमी झाली की जा," मी म्हणालो. "मी बोलतो जावयाशी."

"तुम्ही मागं बी बोलला हुता."

वैजयंतानं तिच्या पानात पुरणाचं दिंड वाढलं. "पुढच्या तिमाहीला माझं चाळीस होतंय बग. दीड महिना कळ काढ." मग तिचं लक्ष पोरीच्या मोकळ्या मनगटाकडे गेलं. "कंकण कुटं हाय तुझं?"

"सासूच्या कपाटात. कामाला लागायच्या आधी काढून ठेवाय लावत्यात."

"बराबर हाय त्यांचं," माझी बायको म्हणाली. "वस्तू जपाय पायजे."

मी हे ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. माझ्या हातात घास होता, तो मी तोंडात घातला, चावला, गिळला. दुसऱ्या दिवशी पोरगी जतच्या गाडीत बसली.

ऑक्टोबरात आकडे आले. शहात्तर माझे, चोवीस तिचे.

त्याच आठवड्यात टीव्हीवर राज्याचा अहवाल सांगितला. गृहिणींचे श्रम अपेक्षेपेक्षा बरेच कमी आढळले होते. चार तज्ज्ञ बसवले होते. एकानं गॅसमुळे म्हटलं, एकानं मिक्सरमुळे, एकानं पॅकेटमधल्या मसाल्यांमुळे. लाखो बायकांचा एकच आकडा येतो म्हणजे तो बरोबरच असणार, असं ठरलं. लाखो बायकांनी घरोघरी एकच पिशवी एकाच खिळ्याला अडकवली असेल, हे चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्यांच्या घरी रिमोट पिशवीत नसावा.

त्या संध्याकाळी वैजयंतानं कंकण माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही मशिनीतलं जाणता. आख्ख्या इचलकरंजीचं माग तुम्ही बघितलं. ह्यात काय बिघाड हाय का बगा की."

मी घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. कंकण उघडलं, भिंगातून बघितलं. आतलं काम इतकं सुबक होतं की माझ्यातल्या जॉबरला कौतुक वाटलं. ती समोर बसली होती. डॉक्टरांकडे रिपोर्ट न्यावा तशी.

"काही बिघाड नाही," मी म्हणालो.

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. इतकं खरं आणि इतकं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

"मग माझ्यातच हाय," ती म्हणाली आणि उठून भाकरी करायला गेली. जाताना कंकण पिशवीत घातलं.

दिवाळी झाली आणि वैजयंता मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. घरात दुसरं माणूस नाही, तेव्हा पदर खोचायची पाळी माझ्यावर आली.

पहिल्या दिवशी कणकेत पाणी जास्त पडलं, म्हणून पीठ घातलं, मग पाणी घातलं, आणि दोघांसाठी सात माणसांची कणीक झाली. वैजयंता भिंतीला टेकून सांगायची आणि मी करायचो. तीन दिवसांनी माझी पाठ धरली. चादर पिळताना जुना खांदा बोलायला लागला. माग खोलणं मला जड वाटायचं, पण माग खोलला की जोडून संपतो. हे काम संपायचं नाव घेत नव्हतं. भांडी घासून पालथी घालेपर्यंत चहाची वेळ व्हायची आणि त्या कपबशांनी मोरी पुन्हा भरायची. आणि माझ्या मनगटावर कंकण होतं. त्यावर कणीक बसली, राख बसली, साबण बसला. नळाखाली धरलं की स्वच्छ. त्याला काहीही झालं नाही.

पाचव्या आठवड्यात जतहून फोन आला. ईश्वरीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतल्या नसेलाही मार बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या कानानं आता ऐकू येणार नाही. मी जावयाला फोन लावला. तो म्हणाला, "चुकून लागलं, आप्पा." मी "बरं" म्हणालो. एवढं होऊनही म्हणालो ते "बरं"च. वैजयंता माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर एकच आकडा होता, चाळीस.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी निधी कार्यालयातली एक मुलगी घरी आली. हातात फुलं आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्रक. तिसऱ्या तिमाहीत भागातले सगळ्यात जास्त श्रम माझे निघाले होते. "आदर्श साथीदार! त्र्याण्णव टक्के, काका. सात टक्के काकूंचे." मग जरा चाचरत तिनं सांगितलं की वाटा पंधराच्या खाली गेल्यामुळे काकूंची नोंद आता आश्रित म्हणून होईल आणि त्यांचे पैसेही काकांच्याच खात्यावर येतील. तिनं आमचा दोघांचा फोटो काढला. वैजयंताचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. फोटोसाठी तिनं कंकण घातलं होतं.

मुलगी गेली. वैजयंता माझा फोन घेऊन बसली. त्यात रोजचे आलेख असतात, तास तासाचे. आधीच्या महिन्यांत सपाट रेघ, आणि दिवाळीनंतर एकदम उंच उंच दांडे. ती बोटानं एकेक दांडा दाबून बघत होती.

"हे सकाळचं सहा वाजता कशाचं?"

"कणीक."

"आनि हे एवढं उंच?"

"धुणं."

मग फार हळू म्हणाली, "एवढं हुतं व्हय माझं काम?"

तिचं बोट मागच्या महिन्यांच्या सपाट रेघेवर गेलं.

"मग मी दोन्ही हातांनी करत हुते तवा हे दांडं कुटं गेलं हुतं?"

"तू काढून ठेवायचीस," मी म्हणालो. "काढलेल्या वेळात ते बसलेल्या वेळाचा आकडा भरतं."

ती खिळ्याकडे बघत राहिली. आता ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कवापासनं ठावं हाय?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. "पहिल्या आठवड्यापासून."

"पंचमीला ठावं हुतं?"

"हो."

"ती म्हणाली, राहू का हितं. तवा ठावं हुतं?"

"हो."

"आनि कंकन उघडून बघितलं तवा..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

"मी आत्ता सही देतो," मी म्हणालो. "आजच जाऊ जतला. ईश्वरीला घेऊन येऊ. मी चुकलो, वैजू."

लग्नाला चोवीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत तिला मी वैजू म्हणून हाक मारलेली नव्हती. तिच्या माहेरची हाक ती.

"तुमच्या सहीनं पोरीचा कान येतोय का बगा," ती म्हणाली. "येत असंल तर द्या."

तिनं दोन साड्या घेतल्या. हातातलं कंकण काढलं, पदरानं पुसलं, पिशवीत घातलं आणि नेहमीच्या खिळ्याला अडकवलं. जातानाही तिनं ती वस्तू जपली.

आता मायलेकी मिरजेला असतात. एका खानावळीत चपात्या लाटतात. दिवसाला किती, ते मला ठाऊक नाही. ईश्वरीला हाक मारायची तर उजवीकडून मारावी लागते, असं तिथं जेवायला जाणाऱ्या एकानं सांगितलं. मी पैसे पाठवले, ते आल्या पावली परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत.

मी निधी कार्यालयात गेलो. खिडकीवर तीच मुलगी होती. मी तिला सगळं सांगितलं, वायरीपासून खिळ्यापर्यंत. तिनं शांतपणे ऐकलं.

"काका, सगळ्या राज्यातल्या बायकांचा आकडा असाच आहे," ती म्हणाली. "एकट्या काकूंचा कसा चुकेल?"

"ती घरात राहतसुद्धा नाही आता."

तिनं पडद्यावर बघितलं. "कंकण तर तुमच्याच घरातून उत्तर देतंय. म्हणजे त्या घरीच आहेत." मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "नाहीत असं लिहून दिलंत तर निधी निम्मा होईल, काका. विचार करा."

बोलताना तिचं स्वतःचं मनगट मोकळं होतं. कंकण टेबलावर होतं, रुमालात गुंडाळलेलं.

मी विचार केला. अजून लिहून दिलेलं नाही.

कंकणाची बॅटरी आठ दिवस टिकते. दर रविवारी मी ते पिशवीतून काढतो, चार्ज करतो आणि परत खिळ्याला लावतो. एकदा जरी विसरलो तरी दिवा विझेल आणि नोंदीतूनही ती जाईल. हे मी पैशासाठी करतो की तिच्यासाठी, हे मला विचारू नका. मीही विचारत नाही.

रोज संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत असतो तेव्हा फोन वाजतो. हात पुसून मी निरोप वाचतो. वैजयंता सर्जेराव तोडकर: घरी. विश्रांती पुरेशी. मग मी फोन कट्ट्यावर ठेवतो आणि उरलेली भांडी घासायला घेतो.